घर कसं सापडेल?

आमच्या ऑफिसात अ‍ॅपच्या टेस्टिंगसाठी फॉर्मात सगळे खोटी माणसं भरायचे. नावाच्या रकान्यात एबीसी, पत्त्याच्या रकान्यात एक्सवायझेड, जन्मतारीख एक जानेवारी, फोनच्या जागी ओळीने नऊ. फक्त बाई स्वतःला भरायच्या. खरं नाव, खरं वय, मधुमेह, नवरा गेल्याचं, काशीगावातलं घर, सगळं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला डेटाबेस बघायला बसवलं आणि समोरच्या टेबलावरच्या त्या अनोळखी बाईबद्दल मला इतकं कळलं, की मी दचकून स्क्रीनच मिटवला.

आमच्या घरी असं नसतं. कुणी पत्ता विचारला तरी आई आधी विचारते, "कशाला हवाय?" शाळेत मिसनीही हेच शिकवलं होतं. स्वतःबद्दल लोकांना कमी सांगावं. म्हणून मी धीर करून बाईंजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "मॅडम, तुमची पर्सनल माहिती टेस्टमध्ये राहिलीय. डिलीट करू का?"

"मॅडम कुणाला म्हणतेस? बाई म्हण. आणि डिलीट कशाला? खोटं भरलंस तर फॉर्म कुठं अडतो ते कळत न्हाय. एबीसी कुठंच अडत न्हाय गो. माणूस अडतो."

आमचं ऑफिस म्हणजे मीरा रोडला फरसाणच्या दुकानावरच्या दोन खोल्या. घरी पडून असलेल्या पेशंटसाठी नर्स, ऑक्सिजनचं मशीन किंवा सलाईन मागवता येईल असं अ‍ॅप आम्ही चालवायचो. बाई सगळ्यात जुन्या डेव्हलपर. मी त्यांच्या हाताखाली. माझं काम दिसायला अगदी सोपं. डेटाबेसमध्ये एक नवा कॉलम वाढवायचा आणि मग फॉर्मवर त्याच्यासाठी जागा काढायची. लिहायचं असेल तर चौकोन, निवडायचं असेल तर यादी, तारीख असेल तर कॅलेंडर. भरल्याशिवाय पुढे जाऊच द्यायचं नसेल तर शेजारी लाल तारा. कॉलेजात हे मी एका दुपारी शिकले होते. बाईंच्या हाताखाली एका रकान्याला आठवडा लागायचा.

कारण त्यांची पद्धत. नवा रकाना काढला की तो आधी तोंडाने विचारायचा, जिवंत माणसाला. बाई खुर्ची ओढून समोर बसायच्या, पदर नीट करायच्या आणि म्हणायच्या, "हां, विचार. मी पेशंटची सून हाय." मग मी स्क्रीनवरचा एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचे. नुसत्या बाईंना नाही. कधी खालच्या फरसाणवाल्याला, कधी वॉचमनला. मला अनोळखी माणसाला किती वाजले हे विचारायचीही भीती. तिथे मी भर दुकानात विचारत होते, "आपल्याला लघवीचा काही त्रास आहे का?" फरसाणवाल्याच्या हातातला झारा तसाच राहिला. बाई मागे उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "बघ, नवी यादी लागंल. हो आणि नाहीच्या मधलं पण काहीतरी ठेव."

एकदा शेठनी सांगितलं की फॉर्ममध्ये वैवाहिक स्थितीची यादी टाका. विवाहित, अविवाहित, घटस्फोटित, विधवा. शेठ म्हणजे आमचे मालक. स्वभावाने गरीब, पण कुठलंही दुसरं अ‍ॅप बघून आले की त्यातला एक रकाना त्यांना हवाच असायचा. बाई उठल्या आणि त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडं होतं.

"शेठ, तुमचं लग्न टिकलंय ना?"

"अरे बाई, ये क्या पूछ रही हो!"

"टिकलंय, मोडलंय, की मोडायला आलंय? तिसरं यादीत न्हाय, म्हणून विचारते."

"बाई, स्टाफ के सामने..."

"मग ऑक्सिजन मागवणाऱ्याला कशाला विचारता? जे तोंडानं विचारायची लाज वाटते ते स्क्रीनवर कशाला टाकायचं?"

मी कीबोर्डकडे बघत बसले. मालकाशी असं बोलतात हे मला माहीतच नव्हतं. आता त्यांची नोकरी गेली, असंच मला वाटत होतं. पण थोड्या वेळाने शेठ बाहेर आले आणि म्हणाले, "वो लिस्ट रहने दो." आणि चहा मागवला.

बाईंचा स्क्रीन हा ऑफिसातला चेष्टेचा विषय होता. अक्षरं इतकी मोठी करून ठेवलेली, की एका वेळी चारच शब्द मावायचे. फोनवर ऑर्डर घेणारी रुबीना म्हणायची, "बाई, आपका स्क्रीन तो स्टेशन से दिखता है." बाई हसायच्या. आणि आकडे असले की मला हाक मारायच्या, वाचून दाखव म्हणून. तेही मराठीत. मी अडखळायचे. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन हे मला आजही क्षणभर थांबून ठरवावं लागतं. "इंग्लिश शाळेनं तुला सगळं शिकवलं," बाई म्हणायच्या, "फक्त मोजायचं तेवढं राह्यलं."

जेवायला त्या जिन्यात बसायच्या. ऑफिसात मांसाहार चालत नसे, आणि बाईंच्या डब्यात सुका बोंबील नाही असा दिवस नसे. जिन्याच्या वळणावर रुमाल अंथरून, भिंतीला पाठ लावून त्या तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खायच्या. खालून येणारे लोक नाक धरून जायचे. बाई कुणालाच बाजूला सरकून वाट द्यायच्या नाहीत. आमच्या घरीही मासे होतात, वडील मूळचे रायगडचे. पण ऑफिसात हे मी कुणाला बोलले नव्हते. मी माझा उपमा घेऊन आत, टेबलाशी बसायचे.

मग ती सकाळ आली. काशीगावातून एका सुनेचा फोन आला, सासऱ्यांना ऑक्सिजनचं मशीन हवंय, ताबडतोब. रुबीना फॉर्म भरत होती. घराचं नाव साईकृपा. पुढचा रकाना विंग. त्याला लाल तारा. गावातल्या बैठ्या घराला विंग कुठून येणार? फॉर्म पुढे जाईना. सून फोनवर रडत होती. रुबीनाने विंगमध्ये ए लिहिलं, फ्लॅटमध्ये एक लिहिलं आणि ऑर्डर पाठवली. मशीन नेणाऱ्या माणसाने पत्ता वाचला, साईकृपा, ए विंग, फ्लॅट एक, आणि भाईंदर पूर्वेच्या त्याच नावाच्या बिल्डिंगमध्ये जाऊन बेल वाजवली. आत एक कुटुंब नाश्ता करत होतं. तिथे कुणीच आजारी नव्हतं.

सुनेचा दुसरा फोन आला तेव्हा तिला बोलताही येत नव्हतं. बाईंनी रुबीनाच्या हातातून फोन घेतला, दोनच प्रश्न विचारले, आणि ऑफिसातलं जुनं मशीन कडेवर मूल घ्यावं तसं उचलून जिना उतरल्या. रिक्षात बसून तडक काशीगाव. म्हातारे वाचले. ओठ निळे पडले होते, असं बाई परत आल्यावर म्हणाल्या. त्यांचे केस सुटले होते आणि एका पायात चप्पल नव्हती. रुबीना रडत माफी मागायला लागली.

"तू कशाला रडतेस?" बाई म्हणाल्या. "तू खोटं न्हाय लिहिलंस. आपल्या फॉर्मनं तुझ्याकडून लिहून घेतलं."

त्याच दुपारी, शेठना न विचारता, त्यांनी मला शेजारी बसवलं. विंगचा तारा काढला. पत्त्याखाली नवा कॉलम, भरपूर लांबीचा, आणि फॉर्मवर त्याच्यासाठी मोठा चौकोन. मी वर लिहिलं, लँडमार्क. मी ते वाचून दाखवलं तशी त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"लँडमार्क म्हटलंस की लोक लिहितील स्टेशनजवळ. स्टेशनजवळ अख्खं मीरा रोड हाय. प्रश्न विचार त्यांना. घर कसं सापडेल?"

"तेच लिहू?"

"तेच. आणि तारा नको. तारा लावला की लोक कायतरी भरतात. न्हाय लावला की सांगतात."

मला वाटलं होतं, तो चौकोन रिकामाच राहील. तसं झालं नाही. लोकांनी भडाभडा लिहिलं. 'पाण्याच्या टाकीखालून आत या, नारळ वाकडा आहे तिथे.' 'लिफ्ट बंद असते, जिन्यात आजी खुर्ची टाकून बसलेली असेल, तिला विचारा.' 'कुत्र्याला टायगर म्हणा, मग तो सोडतो.' मी हे वाचत बसायचे आणि मला धक्काच बसायचा. कुणी सक्ती न करता माणसं आपली दारं अशी उघडून दाखवत होती. सगळ्यात वर बाईंचा टेस्टचा रेकॉर्ड होता. 'गावदेवीच्या देवळामागून या. चिंचेखाली निळं दार. ढकला, कडी नाही.'

"तुझं पण भर की," एकदा त्या म्हणाल्या. "सांग, तुझं घर कसं सापडेल?"

"इंद्रलोक. बी विंग, थर्ड फ्लोअर."

"ते टपालवाल्याला सांग. मी आंधळी हाय असं समज. लिफ्टमधनं बाहेर आले. पुढं?"

मला पुढे काहीच सांगता येईना. शाळेत होते तेव्हापासून आम्ही तिथे राहतो.

या वर्षी एका मोठ्या हॉस्पिटलला आमचं अ‍ॅप हवंसं झालं. शेठना रात्रभर झोप लागली नसावी, शर्टाला इस्त्री करतच बसले असावेत, इतका तो कडक होता. हॉस्पिटलचे साहेब आले, सगळं बघितलं, खूश झाले. मग पत्त्याशी थांबले. "हे काय? असला मोकळा मजकूर म्हणजे कचरा. सर्च होत नाही, रिपोर्ट निघत नाही. विंग, फ्लॅट, पिनकोड ठेवा आणि हे काढा."

आम्ही सगळे बाईंकडे बघायला लागलो. शेठनी तर डोळेच मिटले. रुबीनाने माझा हात धरला. आता स्फोट होणार.

"काढा," बाई म्हणाल्या.

एवढंच. आवाज न चढवता. त्या उठल्या आणि बाहेर गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या जिन्याच्या वळणावर बसल्या होत्या, डबा न उघडता. मी उभीच राहिले.

"बाई, काय झालं?"

"घर पाडलं गो. शनिवारी."

त्या जागी टॉवर होणार, हे मला माहीत होतं. गल्लीतल्या सगळ्यांनीच सह्या केल्या होत्या. पण ते कधीतरी होईल असं त्या सांगायच्या, लांबच्या लग्नासारखं.

"चिंच पयली पाडली," बाई म्हणाल्या. "मग दार. बिल्डरनं तयार टॉवरमधला फ्लॅट दिलाय, लगेच. आता मना पण विंग हाय, नंबर हाय. फॉर्म मना घेईल आता. सगळा गावच फ्लॅटात चाललाय. मग तो रकाना ठेवायचा कुणासाठी?"

ज्या बाईने मालकाला लग्नाबद्दल विचारलं, ती आज खालून येणाऱ्या माणसाला बाजूला सरकून वाट देत होती. संध्याकाळी शेठनी मला तो कॉलम उडवायला सांगितलं. मी बाईंचा रेकॉर्ड उघडला. चिंच, निळं दार, ढकला. यातलं आता काहीच जागेवर नव्हतं. मी स्क्रीन तसाच ठेवून घरी गेले.

दोन दिवसांनी साहेब करार पक्का करायला आले, तेव्हा रकाना फॉर्मवर तसाच होता. त्यांनी भुवया वर केल्या. शेठनी माझ्याकडे बघितलं. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, मान खाली.

मीटिंगमध्ये मी कधीच बोलले नव्हते. त्या दिवशी आधी माझा आवाज आला आणि मग मला कळलं की तो माझा आहे.

"सर, तुमचं घर कसं सापडेल?"

"माझं?"

"हो. रात्री तुमच्या आईंना नर्स लागली तर. मी नर्स आहे असं समजा."

ते हसले. मग सांगायला लागले. "हायवेवरून उतरलं की पेट्रोल पंप. त्याच्या मागच्या गल्लीत वळायचं, शाळेच्या भिंतीला लागून. पुढे एक बंद पडलेला टेम्पो उभा असतो, त्याच्यासमोरचं गेट. वॉचमनला माझं नाव नका सांगू, तो नवा आहे. आईचं सांगा. ती रोज त्याला चहा देते, म्हणून..."

ते मध्येच थांबले.

शेठ आधी हसले. "साहेब, विंग तो आपने बताया ही नहीं!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ठीक आहे, राहू दे. पण कम्पल्सरी नको."

"तारा नाहीच आहे, सर."

मी बाईंकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. इतके महिने त्यांनी मला धक्के दिले होते. तो एक मी त्यांना दिला. दुपारी जिन्यात त्यांनी मला शेजारी जागा केली आणि अर्धा बोंबील काढून माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला. येणारे-जाणारे नाक धरून गेले. मी सरकले नाही.

महिन्याच्या शेवटी त्यांनी नोकरी सोडली. शेठनी आणलेला केक कापून झाल्यावर बाईंनी सांगितलं, अगदी सहज. "डोळे गेले माझे. साखरेनं खाल्ले."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. आता तर मोठी अक्षरं पण न्हाय दिसत."

तो स्टेशनवरून दिसणारा स्क्रीन. मराठीत वाचून घेतलेले आकडे. पदर नीट करून समोर बसणं. विचार, मोठ्यानं विचार.

"बाई, मला वाटायचं ती तुमची पद्धत आहे."

"पद्धतच होती," त्या म्हणाल्या. "आधी पद्धत होती. मग गरज झाली."

काही आठवड्यांनी मी त्यांना भेटायला गेले. पत्ता माझ्या फोनवर होता. प्रत्येक रकाना भरलेला: कॉम्प्लेक्स, टॉवर, विंग, मजला, फ्लॅट. आणि मी हरवले. एका अक्षराच्या दोन विंग निघाल्या, एक जुन्या फेजची, एक नव्या. बरोबर मजल्यावर पोहोचले तर लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना एकसारखी तपकिरी दारं, आणि कुठल्याच दारावर अजून नंबर लागलेला नाही. मी फोन लावला.

"नंबर शोधू नको," बाई म्हणाल्या. "वास घे."

मी तिथेच थांबले. मग खरंच आला. तो वास घेत घेत मी पॅसेजच्या टोकाला गेले. सेफ्टी डोअरच्या गजाला दोऱ्याने एक सुका बोंबील बांधलेला होता.

"शेजारी भांडत नाहीत?" मी आत गेल्यावर विचारलं.

"भांडतात की. सोसायटीची चिठ्ठी पण आली. मी म्हटलं, वाचून कोण दाखवणार?" बाई मोठ्याने हसल्या. मग म्हणाल्या, "काय करू? मीच दोनदा दुसऱ्याच्या घरात घुसले. माझं घर मना सापडायला नको?"

त्यांनी भिंत चाचपत चहा केला. रकाना अजून आहे का, विचारलं. आहे, मी म्हटलं. हॉस्पिटलवालेही भरतात. एका बाईने लिहिलंय की दारातून खोकल्याचा आवाज येईल, ते आमचे हे.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता तुझं सांग. पुढच्या रविवारी येते मी. भाचा लिफ्टपर्यंत सोडील. तिथनं पुढं?"

त्या संध्याकाळी मी आमच्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर आले आणि डोळे मिटले. भिंतीला हात लावून चालायला लागले. एक फरशी पायाखाली हलली. ती हलते हे मला माहीत नव्हतं. मग कुणाच्या तरी चपला पायात आल्या, अगरबत्तीचा वास आला, आणि मी बेल वाजवली. दार उघडलं समोरच्या काकूंनी, ज्यांच्याशी मी इतक्या वर्षांत लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे काही बोलले नव्हते.

"अगं, काय झालं? डोळ्यात काही गेलं का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. दारातच उभी राहून, बाईंपासून बोंबलापर्यंत. त्या म्हणाल्या, रविवारी अगरबत्ती जरा लवकर लावते.

सोमवारी ऑफिसात मी पहिल्यांदा खरं नाव घालून टेस्टचा रेकॉर्ड भरला. शेवटच्या चौकोनात लिहिलं: 'लिफ्टमधून बाहेर आल्यावर उजवा हात भिंतीला लावून चाला. एक फरशी हलेल. घाबरू नका, पुढे या. अगरबत्तीचा वास आला की त्याच्या समोरचं दार आमचं. बेल शोधू नका. दार उघडं असेल.'